नावं पडतात तेव्हा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गटात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही एक सिनेमा बघतो. वस्तीतल्या समाजमंदिरात भिंतीला पांढरी चादर लावायची, प्रोजेक्टर मागून आणायचा, चहा ठेवायचा आणि सिनेमा संपल्यावर तासभर बोलायचं, असा आमचा शिरस्ता. त्या दिवशी एक तरुण कार्यकर्ती यंत्रापाशी बसली होती. सिनेमा लागला, नावं पडायला लागली, तशी तिनं सवयीनं बटण दाबून ती पुढे पळवली. लगेच मागून आवाज आला, "अगं ए, नावं कशाला पळवलीस? पिक्चर कसला आहे ते कळू दे की आधी!"

बोलणाऱ्या मावशी चार घरची धुणीभांडी करतात. त्यांना वाचता येत नाही. तेव्हा नावं वाचण्यासाठी त्या हे म्हणत नव्हत्या. आम्ही हसलो, पण घरी येताना माझ्या डोक्यात ते वाक्य घोळत राहिलं. वाचता न येणारी बाई नावांमधून काय वाचत होती?

मला माझी आई आठवली. आमच्या गावाबाहेर उन्हाळ्यात तंबूतला सिनेमा यायचा. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. वडील आणि काका जेवून पान खात पुढे निघून जायचे. आई आणि काकू मागचं सगळं आवरून, भांडी घासून, धाकट्याला निजवून निघायच्या. नावं पडताना त्या दोघी तंबूत आहेत, असं मला एकदाही आठवत नाही. अंधारात चाचपडत जागा धरली की आई शेजारणीला हळूच विचारायची, "कसला आहे गं?" शेजारीण सांगायची, "रडायचा आहे." नाहीतर "मारामारीचा." किंवा "देवाचा आहे, चप्पल काढून बस." शेजारणीला तरी हे कुठून कळलेलं असायचं? गोष्ट तर अजून सुरूच झालेली नसायची. तिला ते नावांवरूनच कळलेलं असायचं.

सिनेमाच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत प्रेक्षकाशी एक करार होत असतो. अक्षरं कशी आहेत, मागे काय दिसतं, कोणतं वाद्य वाजतं, यावरून आपल्याला सांगितलं जातं की आता घाबरायचं आहे, आता हसायचं आहे, आता डोळ्याला पदर लावायचा आहे. 'शोले' (१९७५) आठवून पहा. गाडी स्टेशनात येते, जेलर उतरतो, त्याला घ्यायला रामलाल आलेला असतो आणि दोघं घोड्यांवरून खडकाळ माळ तुडवत निघतात. नावं त्या वाटेवर पडतात. राहुलदेव बर्मन यांचं संगीत आपल्याकडच्या ढोलकी-सनईचं नाही, अमेरिकेतल्या घोडेस्वारांच्या सिनेमाच्या वळणाचं आहे. एकही महत्त्वाचा संवाद होण्याआधी आपल्याला कळतं की ही उजाड मुलखातली, बंदुकांची, सुडाची गोष्ट आहे. आणखी एक गोष्टही कळते. ही पुरुषांची गोष्ट आहे. त्यात बायका असतील, पण त्या वाटेत भेटतील.

ही कला सुरुवातीपासून अशी नव्हती. जुन्या काळी अमेरिकेत नावं म्हणजे नुसती कंटाळवाणी यादी असे. काही थिएटरांत तर पडदा उघडायच्या आधीच ती दाखवून टाकत. १९५५ साली ऑटो प्रेमिंजर या दिग्दर्शकाचा 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' आला. व्यसनात अडकलेल्या माणसाची गोष्ट. सॉल बास या चित्रकारानं नावांसाठी नुसत्या पांढऱ्या पट्ट्या हलवल्या आणि शेवटी त्यांचा एक वाकडातिकडा हात केला. सिनेमाच्या डब्यांबरोबर थिएटरवाल्यांना सूचना गेली, की नावं सुरू व्हायच्या आधी पडदा उघडा. नावं हा सिनेमाचाच भाग आहे, हे तेव्हापासून लोक मानायला लागले. पुढे हिचकॉकच्या 'सायको'मध्ये (१९६०) बासनं नावांचे उभे-आडवे तुकडे केले. सुरा दिसायच्या कितीतरी आधी प्रेक्षकाला कापल्यासारखं झालं.

इथवर कुणाचं भांडण नाही. माझं भांडण याच्या पुढचं आहे. हा करार ज्या कागदावर लिहिला जातो, तो कागद बरेचदा बाईचं शरीर असतो.

जेम्स बॉण्डचे सिनेमे घ्या. १९६२ च्या 'डॉ. नो'पासून बंदुकीच्या नळीतून दिसणारा तो पुरुष सगळ्यांना माहीत आहे. १९६३ च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये रॉबर्ट ब्राउनजॉन या चित्रकारानं नाचणाऱ्या बाईच्या अंगावर नावांचा झोत टाकला. अक्षरं तिच्या पोटावरून, मांड्यांवरून सरकतात. १९६४ च्या 'गोल्डफिंगर'मध्ये सोनेरी रंगवलेल्या बाईच्या अंगावर सिनेमातली दृश्यंच टाकली. त्यानंतर वर्षानुवर्षं बॉण्डच्या नावांमध्ये विवस्त्र बायकांच्या छाया पिस्तुलांबरोबर तरंगत राहिल्या. या बायका गोष्टीतल्या कुणीच नसतात. त्यांना चेहरा नसतो, नाव नसतं. त्या आहेत त्या फक्त हे सांगायला, की हा साहसाचा सिनेमा आहे, यात मोटारी, हत्यारं आणि बायका मिळतील. 'सुटे भाग' म्हणतात तशा. आणि त्यांच्यावाचून अडत होतं असंही नाही. २००६ चा 'कसिनो रॉयल' आला तेव्हा त्या विवस्त्र छाया काढून टाकल्या गेल्या, पत्त्यांचे रंग आणि लढणाऱ्या पुरुषांच्या आकृत्या आल्या. तरीही हा साहसपट आहे हे प्रेक्षकांना कळलंच.

आपण म्हणू, तो परदेशी मामला. मग आपल्याकडे बघू या. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोघा पोलिसांना सोडून दिलं. १९७९ साली कायद्याच्या चार अध्यापकांनी त्या निकालाविरुद्ध खुलं पत्र लिहिलं आणि १९८० साली देशभर बायका रस्त्यावर आल्या. आपल्यापैकी कित्येकींची चळवळीतली पहिली घोषणा त्या वेळची आहे. त्याच वर्षी 'इन्साफ का तराजू' आला. नावात न्याय, नावात तागडी. पण सिनेमा सुरू कशानं होतो? छायाकृतीतल्या बलात्काराच्या प्रयत्नानं. एक पुरुष बाईचे कपडे फाडतो आणि दुसरा तिला सोडवायला येतो. जाहिरातीनं न्यायाची कबुली दिली होती. पहिल्या दृश्यानं मात्र वेगळीच कबुली दिली, की तुम्हाला 'ते' बघायला मिळेल. बॉण्डची छाया आणि ही छाया मला एकाच जातीच्या वाटतात. छाया दाखवली की दाखवणाऱ्याला म्हणता येतं, आम्ही कुठं काय दाखवलं?

म्हणजे बाई पहिल्या चौकटीत आलीच नाही पाहिजे, असं मी म्हणत नाही. 'मदर इंडिया' (१९५७) सुरू होतो तो म्हाताऱ्या राधेच्या चेहऱ्यानं आणि तिच्या हातातल्या ढेकळानं. सुरकुतलेले हात, माती आणि शेजारून जाणारे ट्रॅक्टर. मेहबूब यांचा हा सिनेमा बाईला आई आणि देश यांच्या ओझ्याखाली वाकवतो, अशी टीका आपण करतो आणि ती मला पटते. पण पहिल्याच चित्रात बाई काम करणारी आहे, गोष्ट तिची आहे आणि गोष्ट मोठी आहे, हा करार तिथं होतो. तो पुढे किती पाळला, यावर वाद घालता येतो. करारच झाला नसता तर वाद कशावर घातला असता?

आणि कधी कधी नावं आपल्याला खरं सांगून टाकतात, आपणच ऐकत नाही. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'मध्ये (१९५८) सुरुवातीला एका बाईचा चेहरा अगदी जवळून दिसतो. ओठ, मग डोळे. मग कॅमेरा एका डोळ्यात शिरतो, पडदा लाल होतो आणि भोवरे फिरायला लागतात. हा एका पुरुषाचा सिनेमा आहे, जो एका बाईला दुसऱ्या बाईचे कपडे, केस, चाल चढवून आपल्याला हवी तशी बनवतो. तिच्या डोळ्यात इतकं खोल शिरूनही तो तिला बघतच नाही. सगळं सुरुवातीच्या त्या चेहऱ्यात आहे. ते ओठ, ते डोळे कुणाचे, हे तिथं सांगितलेलंच नाही.

घरात येणाऱ्या मालिकांची नावंही याच पठडीतली. २००० साली 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली, तेव्हा सून दार उघडून हात जोडायची आणि आख्ख्या घराची ओळख करून द्यायची. कौटुंबिक मालिका म्हणजे काय, हे त्या एका दारानं ठरवून टाकलं. बाई उंबऱ्याच्या आत, हसतमुख, सगळ्यांना ओळखणारी. १२ वर्षांनी आलेल्या 'गँग्ज ऑफ वासेपूर'च्या सुरुवातीला अनुराग कश्यप यांनी दूरदर्शन संचावर नेमकं तेच दृश्य लावलं आणि मग घरावर गोळ्यांचा पाऊस पाडला. प्रेक्षागृह हसलं. त्या हशात मीही होते. नंतर वाटलं, दोन्ही प्रकारांत बाईची जागा काही फारशी बदललेली नाही. एकात ती दार उघडते, दुसऱ्यात ती दाराआड लपते.

आता नावांकडे, म्हणजे खरोखरच्या नावांकडे येते. आपण ती वाचत नाही, पण आपला सगळा हिशेब तिथं मांडलेला असतो. कोणाचं नाव आधी? वर्षानुवर्षं नायकाचं. २०१३ साली 'चेन्नई एक्सप्रेस'च्या वेळी शाहरुख खान यांनी जाहीर केलं की माझ्या नावाआधी नायिकेचं नाव येईल, आणि दीपिका पदुकोण यांचं नाव आधी आलं. त्याची बातमी झाली. चांगलं झालं. पण अशा गोष्टीची बातमी व्हावी लागते, यातच सगळं आलं.

आता मेकअप आणि केशरचना या दोन ओळी बघा. हिंदी सिनेमांच्या नावांत मेकअपपुढे पुरुष आणि केशरचनेपुढे बाई, हे आपण इतकी वर्षं पाहिलं, की ते आपल्याला नैसर्गिक वाटायला लागलं. पुरुषांचा हात रंगावर चांगला बसतो, असंही कुणी सांगितलं असतं तर आपण मान डोलावली असती. कारण साधं होतं. मुंबईच्या मेकअप कलाकारांच्या संघटनेत बाईला मेकअप कलाकार म्हणून कार्डच मिळत नव्हतं. तिनं केस करायचे, बस. चारू खुराणा आणि इतर बायका न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही बंदी घटनाविरोधी ठरवली. नावांची ती यादी अनेक दशकं आपल्या डोळ्यांसमोरून जात होती. आपण ती पळवत होतो.

इतकंच काय, ज्या सॉल बासचं कौतुक मी वर केलं, त्याच्याबरोबर इलेन बास ही त्याची बायको पन्नाशीच्या दशकापासून काम करत होती. नावांच्या कलेतली ती मोठी कलावंत. तिचं नाव त्याच्या बरोबरीनं ठळकपणे यायला नव्वदीचं दशक उजाडावं लागलं. दोघांनी मिळून केलेल्या 'द एज ऑफ इनोसन्स'च्या (१९९३) नावांमध्ये फुलं उमलत जातात आणि त्यांच्यावर लेसच्या कापडाची जाळी, सुबक हस्ताक्षर. आत धगधगतंय आणि वर रीतीभातीचं तलम कापड पांघरलंय, अशी ती प्रेमकथा. जगभराच्या नावांना रूप देणाऱ्या बाईचं स्वतःचं नाव इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावात मिसळलेलं होतं. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांच्या बरोबरीनं रात्र रात्र जागून फिल्मला भोकं पाडणाऱ्या, सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करणाऱ्या सरस्वतीबाईंची आठवण अशा वेळी झाल्याशिवाय राहत नाही.

नावांच्याही आधी एक पाटी येते, सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची. सरकारच्या लेखी सिनेमाचा प्रकार काय, ते ती सांगते. २०२४ च्या नियमांनी त्यात ७, १३ आणि १६ वर्षांवरच्या मुलांसाठी वेगळे वर्ग केले. तिच्या मागोमाग धूम्रपानाचा इशारा येतो. २०१२ पासून तो सक्तीचा आहे. नायकानं बिडी ओढली तर इशारा, नायकानं नायिकेच्या मागे लागून तिला हैराण केलं तर गाणं! आमच्या गटातल्या काही जणी म्हणतात, त्यासाठीही इशारा सक्तीचा करा. मला ते मोहात पाडतं, पण पटत नाही. १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध कायदा आला. आपल्यात तेव्हाही वाद झाला होता, की कात्री सरकारच्या हाती दिली तर ती कुठं चालेल? उत्तर २०१७ साली मिळालं. अलंकृता श्रीवास्तव यांच्या 'लिपस्टिक अंडर माय बुरखा'ला मंडळानं प्रमाणपत्र नाकारलं आणि कारणांमध्ये लिहिलं, की गोष्ट 'लेडी ओरिएंटेड' आहे. अपील केल्यावर तो सिनेमा प्रौढांसाठी म्हणून सुटला. बायकांची गोष्ट हाच जणू एक धोक्याचा प्रकार. म्हणून माझा भर कात्रीपेक्षा वाचनावर आहे. बाईला नावं वाचता आली, म्हणजे मावशी वाचतात तशी, तर तिला कुणी सहज फसवू शकत नाही.

हे सगळं लिहून मी शहाणी झाले असं वाटलं होतं. पण खरा धडा अजून यायचा होता.

आमच्या गटानं वस्तीतल्या दारूदुकानाविरुद्धच्या लढ्यावर एक छोटी फिल्म केली होती. पत्रकं, मोर्चे, सह्या आणि शेवटी मतदान. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं आणि दुकान बंद झालं. नावं पळवण्याच्या त्या प्रसंगानंतरच्या महिन्यात आम्ही तीच फिल्म लावली आणि मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, "मावशी, आता आपल्याच पिक्चरची नावं बघा. कसला आहे सांगा."

मावशी बघत होत्या. काळ्या पडद्यावर एका बाईचा रडका चेहरा, डोळ्यात पाणी, मागे सारंगी. हळूहळू उमटणारी पांढरी अक्षरं. संकल्पना, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन. मग संस्थेचं नाव.

"रडायचा आहे," मावशी म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण ताई, ह्यात आम्ही रडलो कुठं? आम्ही तर दुकान बंद पाडलं. मतदानाच्या दिवशी हलगी लावून नाचलो."

खोलीत कुणी बोललं नाही. चेहरा कुणाचा घेतला होता, तेही आम्हाला आठवेना. सगळ्या जगाला बाईची छाया वापरू नका म्हणून सांगणाऱ्या आम्ही, स्वतः एका बाईच्या अश्रूंवर आमची अक्षरं उमटवली होती. लढ्याची फिल्म आम्ही दुःखाची म्हणून सादर केली. निधी देणाऱ्यांना, बाहेरगावच्या प्रेक्षकांना बाई रडताना लवकर कळते, असं आमच्या मनात कुठंतरी असणार. 'बिचारी' हाही एक प्रकारच आहे आणि तो आमच्या फार अंगवळणी पडला आहे.

मग मावशींनी दुसरा प्रश्न विचारला. "आमची नावं कुठं आहेत?" आम्ही फिल्म शेवटपर्यंत पुढे नेली. तिथं एक ओळ होती: 'वस्तीतील सर्व महिलांचे आभार.' मावशींना एका मुलीनं ती वाचून दाखवली. त्या एवढंच म्हणाल्या, "आभार पाव्हण्यांचे मानतात."

मला तेव्हा १९८१ चा 'मोलकरीण' आठवला. दीपा धनराज आणि त्यांच्या 'युगांतर' गटानं पुण्यातल्या मोलकरणींच्या संघटनेबरोबर केलेला माहितीपट. पुढच्याच वर्षी त्यांनी निपाणीच्या तंबाखू कामगार बायांबरोबर एक केला. त्या फिल्म गटाच्या म्हणून ओळखल्या गेल्या आणि त्यातल्या बाया कुणाच्या दयेसाठी उभ्या नव्हत्या. ४० वर्षांपूर्वी आपल्यातल्याच काही जणींना जे कळलं होतं, ते आम्ही विसरलो होतो.

आता आमच्या फिल्मची नावं आम्ही नव्यानं केली आहेत. सुरुवातीला मतदानाची रांग, शाई लावलेली बोटं आणि हलगी. त्यावर आधी वस्तीतल्या बायकांची नावं, एकूण २३, बाराखडीच्या क्रमानं, म्हणजे कुणी आधी कुणी नंतर असा मान नाही. कॅमेरा, संकलन आणि आम्ही त्यांच्यानंतर. एक मुलगी म्हणाली, नावांनाच दीड मिनिट जातंय, प्रेक्षक कंटाळतील. कंटाळू देत. दोघींनी आपलं नाव नको म्हणून सांगितलं, घरी त्रास होईल म्हणून. त्यांच्या जागी आम्ही दोन मोकळ्या ओळी सोडल्या आहेत.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात एकदा एवढंच करून पहा. कोणत्याही तीन सिनेमांची फक्त पहिली तीन मिनिटं दाखवा, आधी आवाज बंद करून, मग आवाजासह. प्रत्येकीला विचारा, कसला आहे? कशावरून कळलं? बाई दिसली का, आणि कशी दिसली, चेहऱ्यानिशी की नुसती अंगानं? नावं वाचता येणारीनं बायकांची नावं कोणकोणत्या कामापुढे आहेत ते मोजावं. आणि शेवटी आपल्याच फिल्म, आपलीच पत्रकं, आपलेच अहवाल काढून तीच मोजणी करावी. तिथं जास्त वेळ लागेल आणि थोडं लागेलही. काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा.